शिळा आकडा ताजा म्हणून दाखवू नका : इलेक्ट्रिक कार कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतात इलेक्ट्रिक कार बनवून विकणाऱ्या सर्व कंपन्यांचं व्यवस्थापन

प्रत : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : 'कनेक्टेड' म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या गाडीच्या ॲपवरची जुनी आणि चुकीची माहिती, आणि त्याच माहितीच्या आधारे नाकारले जाणारे दावे

महोदय,

तुमच्यापैकी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं मला नुकतंच लेखी कळवलं की, ॲपवर दिसणारे आकडे 'केवळ माहितीसाठी' असतात, त्यांच्या आधारे ग्राहकाला कोणताही दावा करता येणार नाही. त्याच पत्रात दोन ओळी खाली माझा बॅटरीचा वॉरंटी दावा नाकारला आहे. कारण दिलंय : 'सर्व्हरवरील नोंदींनुसार बॅटरी सुस्थितीत आहे.'

माहिती एकाच गाडीतून निघाली, एकाच सिमवरून गेली, एकाच सर्व्हरवर पोचली. माझ्या हातात आली की ती अंदाज, तुमच्याकडे राहिली की पुरावा. हे मला मान्य नाही. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण महामार्गावरच्या चार्जिंग स्टेशनांवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे मालक भेटतात आणि बहुतेकांच्या तक्रारी याच असतात. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी नाशिकला राहते. घरात ही एकच गाडी आहे. रोज सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत नोकरीला जाणं-येणं, अधूनमधून सासूबाईंना तपासणीसाठी मुंबईत परळला नेणं, सुट्टीत जळगावचं माहेर, सगळं याच गाडीवर. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. पेट्रोलपेक्षा खर्च कमी येतो, आवाज नाही, घाट चढताना दम लागत नाही आणि उतरताना थोडी वीज परत मिळते. ओळखीतल्या चार जणांना मी स्वतः 'घ्या' म्हणून सांगितलं आहे, आणि त्यांच्यापुढे आपला शब्द खोटा पडू नये हेही या पत्रामागचं एक कारण आहे.

आता मूळ मुद्दा. ॲपवर '६४%' असं दिसतं तेव्हा तो आकडा कुठून आलेला असतो? बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा पेशींचा विद्युतदाब (व्होल्टेज), प्रवाह आणि तापमान मोजून किती चार्ज शिल्लक आहे याचा हिशेब करते. तो हिशेब गाडीतल्या टेलिमॅटिक्स युनिटकडे, म्हणजे माहिती बाहेर पाठवणाऱ्या यंत्राकडे जातो, तिथून सिमद्वारे मोबाइल नेटवर्कवर, नेटवर्कवरून तुमच्या सर्व्हरवर आणि सर्व्हरवरून माझ्या फोनवर. गाडी उभी करून कुलूप लावलं की काही वेळानं हे युनिट झोपतं. ते सतत जागं राहिलं तर गाडीतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरेल आणि मग दारही उघडणार नाही, हे मला समजतं. त्यामुळे गाडीनं चोवीस तास माझ्याशी बोलत राहावं अशी माझी मागणीच नाही. शेवटचं कधी बोलली एवढं मला सांगा.

पण ॲप नेमकं तेच सांगत नाही. एका रात्रीचं उदाहरण देते. आमच्या सोसायटीचं पार्किंग बेसमेंटमध्ये आहे. रात्री चार्जरची गन लावली, गाडीत चार्जिंग सुरू झाल्याचा दिवा पाहिला, वर येताना ॲपही पाहिलं. हिरवी बॅटरी, तिच्यात खालून वर सरकणाऱ्या रेघा, खाली 'चार्जिंग सुरू, ३८%'. नंतर केव्हातरी एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडला. पहाटे उठून ॲप उघडलं तर तीच हिरवी बॅटरी, त्याच सरकत्या रेघा, 'चार्जिंग सुरू, ३८%'. खाली जाऊन डॅशबोर्ड पाहिला, तर गाडी चाळिशीच्या पुढे गेलेलीच नव्हती. सासूबाईंची परळची वेळ सकाळी साडेदहाची. पुढे पावणेदोनशेच्या घरातलं अंतर आणि मध्ये कसारा घाट. वाटेत चार्जिंगला थांबलो तर दोन्ही गन लागलेल्या, आपला नंबर येईपर्यंत ऊन चढलं. डॉक्टरांची वेळ गेली. पुढची तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तो प्रवास पुन्हा करावा लागला.

बेसमेंटमध्ये नेटवर्क मिळत नाही, असं उत्तर मला मिळालं. कबूल. पण रात्री अमुक वाजल्यानंतर या गाडीकडून एकही निरोप आलेला नाही, हे तुमच्या सर्व्हरला तर ठाऊक असतं ना? मग तो गप्प का बसतो? त्या सरकत्या रेघा गाडी पाठवत नाही, त्या माझा फोनच काढतो. म्हणजे काहीही माहीत नसताना सगळं ठीक चाललंय असं चित्र काढायचं, हे तुमच्याकडे कोणीतरी बसून ठरवलं आहे. यात तंत्रज्ञानाची अडचण कुठेच नाही. पडद्यावर 'रात्री १०.४० नंतर संपर्क नाही' एवढी एक ओळ दिसली असती तर मी तेव्हाच खाली जाऊन एमसीबी उचलला असता.

दुसरी तक्रार युनिटांची. सोसायटीत गाडीच्या विजेसाठी वेगळा सबमीटर बसवेपर्यंत महिन्याचा हिशेब ॲपवरच्या युनिटांवरून होत असे. सचिवांना स्क्रीनशॉट पाठवायचा, त्याप्रमाणे पैसे भरायचे. सबमीटर लागला आणि त्याच्या आकड्यात आणि ॲपच्या आकड्यात मोठी तफावत दिसली. भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, चार्जरमध्ये आणि उष्णतेत काही जाते, हे गृहीत धरूनही हिशेब बसेना. एकेक नोंद ताडून पाहिली तेव्हा कळलं की, नेटवर्क नसताना सुरू होऊन नेटवर्क नसतानाच संपलेल्या चार्जिंगची ॲपमध्ये कित्येकदा नोंदच नाही. सोसायटीच्या सभेत मला उभं राहून हे समजावून सांगावं लागलं. मी वीज चोरते, असा ज्यांचा समज झाला होता त्यांच्यातल्या दोघांचा तो अजूनही गेलेला नाही. तुमच्या दृष्टीनं ही सर्व्हरवरची एक गहाळ नोंद आहे. मला रोज जिन्यात त्या माणसांना तोंड द्यायचं असतं.

आता टक्क्यांबद्दल. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आहेत. त्या टिकाऊ आहेत आणि उष्णतेत इतर प्रकारांपेक्षा सुरक्षित मानल्या जातात. पण या बॅटरीचा विद्युतदाब मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे दाब पाहून शिल्लक ओळखता येत नाही. आत किती गेलं, बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी करत राहावी लागते, आणि त्यात चूक साठत जाते. म्हणून तर अधूनमधून गाडी पूर्ण १०० टक्के चार्ज करा असं मालकाला सांगितलं जातं. तुमच्या अभियंत्यांना हे तोंडपाठ आहे. ग्राहकाला मात्र ॲपवर '२३%, ६१ किमी' असा एकेरी, ठाम आकडा दिसतो. बऱ्याच दिवसांत पूर्ण चार्ज केलं नसेल तर तो किती भरवशाचा याची सूचना नाही. वीस टक्क्यांवरून एकदम बारावर आलेली गाडी ज्यानं समृद्धी महामार्गावर, पुढचा चार्जर किती लांब आहे हे शोधत चालवली आहे, त्याला हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही.

आणि वॉरंटी. हे पत्र लिहायला मी बसले ती यामुळेच. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, असं तुमच्यापैकी अनेकजण जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिता. गिऱ्हाईक त्याच ओळीच्या भरवशावर पैसे मोजतं. माझ्या गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, त्याच ऋतूत पहिल्यापेक्षा ठळकपणे कमी झाली. मी बॅटरीच्या आरोग्याचा, म्हणजे मूळ क्षमतेपैकी किती उरली याचा आकडा मागितला. काउंटरवरच्या मुलानं संगणकाकडे पाहून तोंडी सांगितला. लिहून द्या म्हटलं तर 'तशी पद्धत नाही'. कशावरून काढला, केव्हा मोजला, गाडी तेव्हा उभी होती की चालू, तापमान काय होतं, कशाचंच उत्तर नाही. माझ्याकडच्या प्रवासाच्या नोंदी मी पुढे केल्या, तर त्या ॲपमधल्या म्हणून ग्राह्य नाहीत. ज्या नोंदींवरून माझा दावा फेटाळला त्या दाखवा म्हटलं, तर त्या कंपनीच्या अंतर्गत.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

याबाबत जगात काय चाललं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांच्या मंचानं मार्च २०२२ मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाबद्दल जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ संमत केला. त्यात पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला किमान ८० टक्के आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरला किमान ७० टक्के क्षमता शिल्लक राहावी, असं म्हटलं आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : गाडी स्वतः दाखवते तो आरोग्याचा आकडा खरा आहे का, याचीही तपासणी व्हावी आणि तो मालकाला सहज पाहता यावा. हा नियम ज्या १९९८ च्या कराराखाली झाला, त्याचा भारत २००६ पासून सदस्य आहे.

युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. इंटरनेटला जोडलेल्या वस्तूतून तयार होणारी माहिती वापरणाऱ्याला विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि कंपनीकडे ती ज्या दर्जाची आहे त्याच दर्जाची मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. मी याहून वेगळं काही मागत नाही. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तत्त्व तेच आहे : एखाद्या व्यक्तीबद्दलचा निर्णय तिच्या माहितीवरून घेतला जाणार असेल, तर ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्याची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. ती लागू होण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबायलाच हवं, असं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापानं तपासून दाखवा असं कुणीही गिऱ्हाईक म्हणू शकतं. पंपाच्या यंत्रावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. घरच्या वीजमीटरबद्दल शंका असेल तर अर्ज करून तो तपासून घेता येतो. रिक्षाचं मीटरसुद्धा तपासून सील होतं. पंधरा-वीस लाखांच्या गाडीच्या बॅटरीत काय शिल्लक आहे, हे मात्र विकणाऱ्यानं सांगायचं आणि घेणाऱ्यानं ऐकायचं.

ऑनलाइन सेवेच्या आयुष्याबद्दलही विचारायचं आहे. पहिली काही वर्षं ही सेवा फुकट, नंतर वर्गणी, हे गाडी घेताना कागदावर बारीक अक्षरांत असतं. पण ज्या नेटवर्कवर ही सेवा चालते तेच बंद झालं तर? हा काही कल्पनेतला प्रश्न नाही. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीनं २०१७ च्या सुरुवातीला २जी नेटवर्क बंद केलं, तेव्हा सुरुवातीच्या काळातल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालकांना ऑनलाइन सेवा टिकवण्यासाठी नवं युनिट बसवून घ्यावं लागलं. ब्रिटनमध्ये निसाननं जुन्या लीफ गाड्यांची ॲपसेवा २०२४ साली बंदच केली. गाड्या धडधाकट होत्या, पण चार्जिंगची वेळ दुरून ठरवणं, निघण्यापूर्वी गाडी गरम करून ठेवणं वगैरे ज्या सोयींचे पैसे दिले होते त्या गेल्या. आपल्याकडे आज ४जी सिम बसवून विकलेली गाडी दहा-बारा वर्षं तरी रस्त्यावर राहील. तेव्हा ते सिम कशाला जोडणार आहात?

माहितीच्या सुरक्षेबद्दल थोडंच लिहिते, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षा संशोधकानं दाखवून दिलं की, केवळ गाडीचा ओळख क्रमांक माहीत असेल तर दुसऱ्याच्या लीफचा एसी इंटरनेटवरून चालू करता येतो. निसानला ॲप तात्पुरतं बंद ठेवावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती उघड्यावर पडल्याचं समोर आलं. त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या नेमक्या कुठे उभ्या राहतात, हे त्यातून कळत होतं. म्हणजे कंपनीनं ठरवलं तर नोंद किती बारकाईनं होऊ शकते ते दिसलंच. माझं ॲप मात्र दारात उभी असलेली गाडी दुपारपर्यंत नाशिकच्या द्वारका चौकात दाखवतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ॲपवरच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो गाडीकडून केव्हा आला ती वेळ लिहा. त्याच अक्षरांत, त्याच पडद्यावर, कुठल्या तरी मेनूच्या पोटात नाही. ठराविक वेळेपेक्षा माहिती जुनी झाली की आकडा करडा करा. माहिती नसेल तिथे 'माहिती नाही' लिहा.

चार्जिंग सुरू असताना गाडीशी संपर्क तुटला किंवा चार्जिंग मध्येच थांबलं, तर फोनवर ताबडतोब सूचना द्या. संपर्क परत आल्यावर मधल्या काळातल्या नोंदी गाडीनं साठवून पाठवल्या पाहिजेत, त्या गहाळ होता कामा नयेत.

दर सर्व्हिसिंगनंतर बॅटरीच्या आरोग्याचा आकडा, मोजल्याची तारीख आणि मोजण्याची पद्धत बिलासोबत छापून द्या. जुनी गाडी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल.

वॉरंटीचा दावा नाकारायचा असेल तर ज्या नोंदींवरून नाकारला त्या सगळ्या नोंदी मालकाला द्या, कोणत्याही साध्या संगणकावर उघडतील अशा स्वरूपात, १५ दिवसांच्या आत आणि मोफत. ज्या नोंदी मला दाखवता येत नसतील त्या माझ्याविरुद्ध वापरू नका. बाकी सगळ्या मागण्यांना तुम्ही मुदत मागितलीत तर मी समजून घेईन, या मागणीला नाही.

चार्ज किती, चार्जिंग सुरू की बंद, कुलूप लागलं की नाही आणि गाडी कुठे आहे, एवढी मूलभूत माहिती वॉरंटीच्या पूर्ण काळात वर्गणीशिवाय मिळावी. नेटवर्क बदललं तर युनिट बदलण्याचा खर्च कंपनीचा, हे विक्रीच्या करारात लिहा.

मंत्रालयाला विनंती : बॅटरीच्या सुरक्षेसाठी आपण एआयएस-०३८ आणि एआयएस-१५६ ही वाहन उद्योगाची मानकं २०२२ मध्ये कडक केली, ती दुचाकींना लागलेल्या आगींनंतर. सार्वजनिक वाहनांच्या ठावठिकाण्यासाठी एआयएस-१४० आहे. त्याच धर्तीवर, मालकाला दाखवल्या जाणाऱ्या चार्ज, रेंज आणि बॅटरी-आरोग्याच्या आकड्यांत किती फरक चालेल आणि तो कुणी तपासायचा, हे ठरवून द्या. हे काम करण्याची क्षमता पुण्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडे आहे. महाराष्ट्र शासनानं २०२५ च्या ईव्ही धोरणात खरेदीला सवलती दिल्या, समृद्धीवर आणि अटल सेतूवर टोल माफ केला. लोकांनी या गाड्या घ्याव्यात असं शासनाला वाटतं, तर घेतल्यानंतरच्या तक्रारींचीही दखल घ्यावी.

माझ्या गाडीच्या दाव्याबद्दल संबंधित कंपनीला मी स्वतंत्र पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं आहे. ३० दिवसांत नोंदींसह उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ज्यांचा अनुभव असाच आहे त्यांनी आपापले स्क्रीनशॉट, सबमीटरच्या नोंदी आणि सर्व्हिस सेंटरची लेखी उत्तरं तारखेनिशी जपून ठेवावीत. तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी ते ई-मेलनं कळवून ठेवावं.

उत्तर लेखी आणि मराठीत द्यावं.

आपली,
एक ईव्हीमालक, नाशिक